निखारा फुलतो, दिवा विझतो

मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला आणि गप्पा चुलीवर आल्या. तेव्हा गटातल्या एका आजींनी विचारलं, "निखाऱ्यावर फुंकर मारली की तो फुलतो, अन् दिव्यावर मारली की दिवा विझतो. फुंकर तीच, मग असं का?" आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत.

जळायला तीन गोष्टी लागतात. जळण, हवेतला ऑक्सिजन आणि धग. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, म्हणजे पाचातला एक वाटा. दिव्याची ज्योत म्हणजे तेलाची जळती वाफ. ती असते थोडीशीच. फुंकरीने ती वातीवरून उडून जाते, वात गार होते आणि दिवा विझतो. निखारा मात्र घट्ट कोळसा. तो उडत नाही, धग त्याच्या पोटात असते. फुंकरीने त्याला जास्तीचा ऑक्सिजन मिळतो, म्हणून तो लालभडक होतो.

लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं, मग जळणारे वायू निघतात. आपण ज्याला जाळ म्हणतो तो या वायूंचा. धग किंवा हवा कमी पडली की ते अर्धवट जळून बाहेर पडतात. डोळ्यांतून पाणी काढणारा धूर तो हाच. म्हणजे धूर हे वाया गेलेलं सरपणच! पटत नसेल तर आठवा, चूल धुमसत असताना फुंकणीने फुंकलं की भपकन जाळ होतो. तेव्हा तो धूरच पेटलेला असतो. (म्हणून तोंड लांब ठेवा, पदर आधी खोचा.)

ओल्या सरपणाची बरीच धग पाणी आटवण्यातच जाते. आणि चुलीचं तोंड लाकडांनी गच्च भरलं की हवेला वाट राहत नाही. बारीक फाटे, मध्ये फट, राख वेळच्या वेळी काढलेली, आणि जमलं तर खाली लोखंडी जाळी, म्हणजे हवा खालूनही येते. सरपणाचा भारा डोक्यावरून आपणच आणतो, तो धुरात का घालवायचा?

उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि अनेक घरांत सिलिंडर आला. तिथेही गोष्ट हवेचीच. एक भाग गॅस पुरता जळायला साधारण २५ ते ३० भाग हवा लागते. त्यातली काही हवा बर्नरखालच्या नळीच्या भोकातून गॅसमध्ये आधीच मिसळते. ते भोक कोळिष्टकाने किंवा उतू गेलेल्या दुधाने बुजलं की ज्योत पिवळी होते. पिवळा रंग म्हणजे काजळीचे तापलेले कण. तेच पातेल्याच्या बुडाला बसतात. बर्नर गार झाल्यावर काढून धुवा, भोकं सुईने मोकळी करा, पूर्ण वाळवून बसवा. तरीही ज्योत निळी झाली नाही तर मेकॅनिकला बोलवा.

आता बाळंतिणीच्या खोलीबद्दल. बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायची आणि वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावायच्या, ही आपल्याकडची रीत. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निर्धोक वाटतो. तसा तो नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो, आणि बंद खोलीत तो साठत जातो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, गुंगी येते. झोपेत असलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. तान्ह्या बाळाला सांगताही येत नाही.

सासूबाईंशी वाद घालायची गरज नाही. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून बाळंतिणीला द्या, आणि बाळाला आईच्या अंगाशी, टोपडं-दुपट्यात ठेवा. शेगडी पेटवायची ती अंगणात. पेटती शेगडी घेऊन बंद खोलीत कुणीही झोपायचं नाही, थंडीतही नाही. खिडकी किलकिली केली की भागतं, असंही समजू नका. कुणी गुंगीत सापडलं तर आधी दार उघडा, बाळासकट सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना आवर्जून सांगा, "खोलीत शेगडी होती."