परदेशीं शिकावयास जाणाऱ्या मुलांचें इंग्रजी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचीं मुलें आज उच्च शिक्षणासाठीं इंग्लंडांत जातात. आयेल्ट्स परीक्षेंत हवे तेवढे गुण मिळाले कीं भाषेचा प्रश्न सुटला, असें आईबापांस वाटतें. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत मुलांना तेथें एकट्यानें द्यावी लागते. म्हणून या विषयाकडे लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

१९८९ सालीं सुरू झालेली ही परीक्षा ऐकणें, वाचणें, लिहिणें व बोलणें या चारही अंगांची कसोटी घेते. तींतील मोठा निबंध किमान २५० शब्दांचा. तो पुस्तक न उघडतां, सुमारें ४० मिनिटांत लिहावयाचा. विद्यापीठांतील निबंध अगदीं निराळ्या जातीचा. तो आठवडेच्या आठवडे खपून, अनेक ग्रंथ चाळून, कोणतें मत कोणाचें हें जागच्या जागीं सांगून लिहावा लागतो. पहिली विद्या आली म्हणजे दुसरी आपोआप येते, असें नाहीं.

ही उणीव भरून काढण्याकरितां ब्रिटनमधील अनेक विद्यापीठें उन्हाळ्यांत, मुख्य अभ्यासक्रमापूर्वीं, कांहीं आठवड्यांचे 'प्री-सेशनल' वर्ग चालवितात. चीन, थायलंड, सौदी अरेबिया अशा देशांतून आलेलीं मुलें तेथें एकत्र बसतात. या वर्गांत केवळ व्याकरण घोकून घेत नाहींत. व्याख्यान ऐकतां ऐकतां टिपणें कशीं घ्यावीं, जाड ग्रंथांतून हवें तेवढेंच कसें वाचावें, चर्चेंत आपला मुद्दा कसा मांडावा, पुरावा अपुरा असतां 'हें सिद्ध होतें' न म्हणतां 'असें दिसतें' एवढेंच कसें म्हणावें, याचा सराव देतात. शब्दांचीही निवड असते. न्यूझीलंडमधील विदुषी अॅव्हरिल कॉक्सहेड यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या यादींत अवघीं ५७० शब्दकुलें आहेत. परंतु निरनिराळ्या विषयांच्या विद्यापीठीय लेखनांत दर दहा शब्दांमागें सुमारें एक शब्द यांतलाच असतो, असें त्यांना आढळून आलें.

खरा कठीण धडा मात्र शब्दांचा नसून रीतीचा आहे. आपल्याकडे पाठांतरास मान; पुस्तकांतील वाक्य जसेंच्या तसें उत्तरपत्रिकेंत उतरविणारा मुलगा हुशार ठरतो. तेंच वाक्य तेथें मूळ लेखकाचें नांव न देतां लिहिलें, तर वाङ्मयचौर्याचा आरोप येतो, चौकशी होते आणि प्रसंगीं वर्षही वाया जातें. वडील माणसांपुढें गप्प बसणें हा येथें विनय; तेथें चर्चावर्गांत गप्प बसणाऱ्यानें वाचनच केलें नाहीं, असा ग्रह होण्याचा संभव असतो. अध्यापक विद्यार्थ्यांच्या शंकांसाठीं ठराविक वेळ राखून ठेवतात. पण त्यांना त्रास कसा द्यावा, या संकोचानें आपली मुलगी दार ठोठावीत नाहीं, आणि अडलेलें तसेंच अडून राहतें.

ही रीत परकी समजून बिचकण्याचें मात्र कारण नाहीं. आधीं पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडावा, मग त्याचें खंडन करून सिद्धान्तास यावें, ही आपल्या शास्त्रग्रंथांचीच परंपरा आहे. 'इति केचित्' असें म्हणून दुसऱ्याचें मत वेगळें दाखविणारे टीकाकार आपल्याकडे होऊन गेले. विद्यापीठ मागतें तें याहून फारसें निराळें नाहीं.

तेव्हां प्रयाणापूर्वींचे कांहीं महिने केवळ परीक्षेच्या नमुन्यांत घालवूं नयेत. एखादा इंग्रजी अग्रलेख वाचून, तो मिटून, त्याचा आशय स्वतःच्या पांच ओळींत लिहावयास मुलांना सांगावें, व शेवटीं लेख कोणाचा आणि कोठला हें नोंदवावयास लावावें. जेवतांना त्यांनीं आपल्या मताला विरोध केला, तर रागावूं नये. फक्त कारण विचारावें. आणि 'मला समजलें नाहीं, पुन्हां सांगाल का?' हें वाक्य निःसंकोचपणें बोलण्याची संवय घरींच लावावी. दूरदेशीं पहिल्या महिन्यांत तें त्यांच्या फार उपयोगीं पडेल.