उकिरड्यावरची बुरशी माणसात कशी शिरली?

बाळांनो, पावसाळ्यात डब्याच्या तळाशी विसरलेला पाव तुम्ही पाहिलाच असेल. दोन-चार दिवसांत त्यावर पांढरी लव येते, मग लवेवर बारीक काळे ठिपके उठतात. आई म्हणते, ‘बुरा आला, टाकून द्या तो.’ त्या प्रत्येक ठिपक्यात बुरशीचे असंख्य बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे बुरशीचं बीच म्हणा ना. वारा आला की ते उडतात आणि ओल मिळेल तिथे रुजतात. आजची गोष्ट या बीजाणूंची.

बुरशीचं काम कुजवण्याचं. ती नसती तर रानातलं पान पडल्या जागी तसंच राहिलं असतं आणि उकिरड्याचं खत झालं नसतं. मेलेल्यातून नव्यासाठी अन्न मोकळं करायचं, हे तिचं थोर काम. म्हणून मातीत, शेणखतात, जुन्या धान्यात, घरातल्या धुळीत, सगळीकडे तिचे बीजाणू आहेत. तुम्ही-आम्ही रोज असे शेकडो बीजाणू श्वासाबरोबर आत घेतो.

मग आपण का कुजत नाही?

कारण आपल्या देहात एकामागे एक पहारे आहेत. श्वासनळीत चिकट स्राव असतो. बीजाणू त्याला चिकटतात, आणि नळीच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस हलत-हलत तो स्राव वर घशाकडे ढकलतात. त्यातूनही कुणी फुप्फुसाच्या तळाशी पोचला, तर तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. एखादा रुजलाच, तर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच्या तंतूंवर तुटून पडतात. शिवाय आपल्या अंगात ३७ अंशांची ऊब असते. बहुतेक बुरशींना ती सोसत नाही. थोड्याच जातींना सोसते, आणि आपली गाठ त्यांच्याशीच आहे.

त्यातली एक अ‍ॅस्परजिलस. १७२९ साली पिएर अँतोनियो मिकेली या इटलीतल्या धर्मगुरू वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला हे नाव दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला तिचा तुरा चर्चमध्ये पवित्र जल शिंपडायच्या साधनासारखा दिसला. तिचा बीजाणू इतका लहान की एका मिलिमीटरात तीनशे सहज ओळीने बसतील. एरवी ती बापडी खतात राबते. पण फ्लूचा जोरदार हल्ला झाला की विषाणू श्वासनळीचं अस्तरच सोलून काढतो. सूक्ष्म केस गळतात, पहारेकरी पेशी थकतात आणि बीजाणूला उघडी जखम सापडते. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी फ्लूमुळे अतिदक्षता विभागात आलेले रुग्ण तपासले आणि २०१८ साली निष्कर्ष मांडले. दर पाचांतल्या जवळजवळ एकाच्या फुप्फुसात ही बुरशी रुजली होती. विषाणूने दार फोडलं आणि बुरशी आत आली.

आता आपल्याकडे या. २०२१चा उन्हाळा, कोरोनाची दुसरी लाट. माणसं कोरोनातून उठत होती, आणि काहींच्या गालाला सूज, डोळ्यामागे ठणका, टाळूवर काळा डाग दिसू लागला. हा म्युकरमायकोसिस. लोक त्याला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. पावावर येणाऱ्या बुरशीचीच ही भावकी. जूनअखेरपर्यंत देशात ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, आणि महाराष्ट्र व गुजरात यात सर्वांत पुढे होते. नोंदलेल्या दर शंभरांत सुमारे ८५ जणांना कोविड होऊन गेलेला होता, ६४ जणांना मधुमेह होता आणि निम्म्याहून अधिकांना स्टेरॉइड दिलेलं होतं.

स्टेरॉइड वाईट का? मुळीच नाही. जून २०२०मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णांचे मृत्यू तिसऱ्या हिश्शाने घटतात. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काही फायदा झाला नाही. हे औषध पांढऱ्या पेशींना शांत करतं आणि रक्तातली साखरही वाढवतं. गरज नसताना, जास्त मात्रेत किंवा जास्त दिवस घेतलं, की पहारा ढिला पडतो.

आणि साखर? ती वाढली की न्यूट्रोफिल मंदावतात. दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. रक्तातलं लोह एरवी प्रथिनांनी घट्ट धरून ठेवलेलं असतं. मधुमेह फार बिघडून रक्त आम्लधर्मी झालं की ती पकड सुटते. म्युकरमायकोसिसच्या बुरशीला तर लोहाची मोठी भूक! तिला आयतं ताट मिळतं.

ती रक्तवाहिनीतच शिरते. पाटाचं तोंड मातीने बुजलं की खालचं पीक करपतं ना, तसं वाहिनीत गुठळी होऊन पुढचं मांस मरतं. काळं दिसतं ते हे मेलेलं मांस. आतले तंतू फिकेच असतात. त्या मेलेल्या भागात रक्त नाही, म्हणून औषधही पोचत नाही. म्हणूनच शल्यचिकित्सकांना तो भाग कापून काढावा लागतो. कुणाचा जबडा गेला, कुणाचा डोळा. हे सांगताना माझा जीव तुटतो.

औषध आहे, आणि तेही मातीतूनच आलं. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतला एक जीवाणू बुरशीला मारणारं रसायन बनवतो. १९५०च्या दशकात त्यातून अँफोटेरिसिन हाती आलं. पण बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची, त्यामुळे तिच्या पेशीला मारणारं औषध आपल्या मूत्रपिंडालाही झोंबतं. म्हणून ते चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत भरून देतात. २०२१च्या मे महिन्यात या इंजेक्शनसाठी घरोघरची माणसं गावोगाव वणवण फिरली.

बाळांनो, बुरशी आपली वैरी नाही. आजारी देह, वाढलेली साखर आणि बेताल औषध एकत्र आलं, तेव्हा ती शिरली. म्हणून आपल्या हातात जे आहे ते करू या. घरात कुणाला मधुमेह असेल तर ताप-खोकल्याच्या दिवसांत त्यांची साखर तपासायला लावा. स्टेरॉइड मनाने सुरू करू देऊ नका, मनाने बंदही करू देऊ नका. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाचा गाल बधिर झाला, नाकातून काळपट पाणी आलं, डोळा सुजला, दात हलू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. या रोगात लवकर गेलेल्याचाच जीव वाचण्याची आशा सर्वांत जास्त असते.