जॅकेटची खरी किंमत



तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमच्या शाखेत बदली होऊन आल्यापासून मी एक गोष्ट शिकलो. बचतीचा धडा कुठल्या निमित्ताने समोर येईल, हे सांगता येत नाही. या वेळी तो आला एका जॅकेटच्या निमित्ताने.

पापनाशम हे कावेरीच्या सपाट खोऱ्यातले, तंजावर आणि कुंभकोणमच्या मधले गाव. इथे जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण विसाच्या आसपास असतो. पावसाचा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, आणि तेव्हा अंगावर लागतो तो रेनकोट. उबदार जॅकेटचे दुकान शोधावे लागेल असे हे गाव. तरीही डिसेंबरच्या सुरुवातीला एक खातेदार बाई काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, "सार, आरडी बंद करायची आहे."

दोन वर्षांची, महिन्याला ५०० रुपयांची आरडी. नऊ हप्ते भरून झालेले, म्हणजे ४,५०० रुपये जमा. हे पैसे मुलाच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी आहेत, हे त्यांनीच खाते उघडताना सांगितले होते. मी विचारले, "अम्मा, काही अडचण आली का?" त्या म्हणाल्या, मुलाच्या कॉलेजची सहल मनालीला निघाली आहे, पाच दिवसांची. त्याला ४,००० रुपयांचे 'सॉफ्टशेल' जॅकेट हवे आहे. मित्रांनी घेतले आहे.

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो, आणि तेही त्यांच्या परवानगीने. आधी आपण दोघांनी त्या दिवशी कागदावर मांडलेला हिशेब पाहू. तुम्ही नाशिकला असा, कोल्हापूरला असा की पापनाशमला, हा हिशेब तुमच्याही कामाला येईल.

पहिला प्रश्न : वर्षातून किती दिवस?

कोणतीही टिकाऊ वस्तू घेताना लेबलावरच्या किमतीकडे पाहण्याआधी एक आकडा लिहा. ती वस्तू वर्षातून किती दिवस वापरणार? मग किमतीला एकूण वापराच्या दिवसांनी भागा. जो आकडा येतो, ती त्या वस्तूची खरी किंमत.

उदाहरण घेऊ. एक जॅकेट १,५०० रुपयांचे आहे आणि ते ८० दिवसांच्या वापरात झिजते असे धरू. दुसरे ४,००० रुपयांचे आहे आणि ते २४० दिवस टिकते असे धरू.

तुम्ही निफाडसारख्या थंडीच्या भागात राहता, पहाटे दुचाकीवरून कामाला जाता, किंवा हिवाळ्यात दर रविवारी गडावर जाता. वर्षाला ४० दिवस वापर झाला. सहा वर्षांत २४० दिवस. स्वस्त जॅकेट तीन वेळा घ्यावे लागेल, म्हणजे ४,५०० रुपये. महागडे एकदाच, ४,००० रुपये. दिवसाला स्वस्ताचे पावणेएकोणीस रुपये पडतात, महागड्याचे पावणेसतरा. इथे महाग तेच स्वस्त.

आता वापर वर्षाला फक्त सहा दिवस धरा. सहा वर्षांत ३६ दिवस. एवढ्या वापरात दोन्ही जॅकेटे टिकतील. स्वस्ताचे दिवसाला सुमारे ४२ रुपये पडले, महागड्याचे १११. इथे स्वस्त तेच पुरेसे.

आणि वापर आयुष्यात एकदाच, पाच दिवस असेल तर? ४,००० भागिले ५, म्हणजे दिवसाला ८०० रुपये. हा आकडा लिहिला तेव्हा त्या बाई बराच वेळ कागदाकडे पाहत होत्या. शेतमजुरीच्या घरात ८०० रुपये म्हणजे काय, हे मी सांगायची गरज नव्हती.

दुसरा प्रश्न : नेमके काम काय?

सॉफ्टशेल म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय ते घेऊ नका. त्याचे बाहेरचे कापड घट्ट विणीचे पॉलिस्टर किंवा नायलॉन असते, थोडे ताणले जाणारे. आतून मऊ, लोकरीसारखे पातळ अस्तर चिकटवलेले असते. काही जॅकेटांत या दोन थरांच्या मध्ये वारा अडवणारा पातळ पडदाही असतो. बाहेरून पाणी ओघळून जावे म्हणून कापडावर एक लेप दिलेला असतो.

असे जॅकेट वारा अडवते, भुरभुर पाऊस सोसते आणि चढ चढताना घामाची वाफ बाहेर जाऊ देते. चालताना, सायकल चालवताना, गड चढताना ते उत्तम. कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीवर हिवाळ्यात पहाटे जो वारा लागतो, त्याला हे जॅकेट आणि आत एक स्वेटर पुरतो.

पण दोन कामे त्याच्याकडून होत नाहीत. पहिले, मुसळधार पाऊस. शिवणीच्या भोकांतून पाणी आत येते, कारण बहुतेक सॉफ्टशेलच्या शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेल्या नसतात. सह्याद्रीच्या जुलैसाठी किंवा पापनाशमच्या नोव्हेंबरसाठी रेनकोटच हवा. दुसरे, बर्फाळ थंडीत एका जागी उभे राहणे. तिथे जाड, भरलेले जॅकेट लागते. डिसेंबरच्या मनालीत रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. म्हणजे त्या मुलाने निवडलेली वस्तू महाग तर होतीच, शिवाय त्या कामाचीही नव्हती.

एक ढोबळ नियम लक्षात ठेवा : दर हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पापनाशमहून सुमारे २,१०० मीटर उंचीच्या कोडाईकनालला गेलात तर तेरा-चौदा अंशांचा फरक पडेल. जायच्या गावाची उंची पाहा, गणित करा, मगच कपड्याचा विचार करा.

दुकानात काय तपासाल?

१. विणकाम : कापड उजेडासमोर धरा. विण विरळ दिसली, उजेड ठिपक्याठिपक्यांनी आत आला, तर ते लवकर झिजेल. कापडाला तोंड लावून फुंकर मारा. पलीकडे हाताला हवा लागली तर वारा अडणार नाही.

२. पाण्याचा थेंब : दुकानदाराला विचारून बाहीवर दोन थेंब टाका. पाणी मोत्यासारखे घरंगळले तर लेप ठीक आहे. लगेच मुरले तर नाही.

३. चेन : जॅकेट बहुधा चेनमुळे बाद होते. पाच-सहा वेळा वरखाली करून पाहा. अडकते का? खालचे टोक घट्ट शिवलेले आहे का?

४. शिवण : खांदा, काख आणि मनगट या तीन जागा पाहा. पाठपिशवीचे पट्टे खांद्यावर घासतात, तिथे कापड जाड असावे. टाके जवळजवळ आणि सरळ असावेत, लोंबणारे धागे नसावेत.

५. माप : आत स्वेटर घालूनच अंगावर चढवा. दोन्ही हात वर करा. जॅकेट कमरेच्या वर सरकले तर एक माप मोठे घ्या.

६. अस्तर : आतल्या बाजूला तळवा थोडा वेळ घासा. लगेच गोळे येऊ लागले तर एका हिवाळ्यात ते जुने दिसेल.

७. हमी : हमी कशाची ते वाचा. ती बहुधा बनावटीतल्या दोषाची असते, वापराने झालेल्या झिजेची नसते. बिल सांभाळून ठेवा.

माझी स्वतःची चूक

इथे माझाही एक तोटा सांगतो. नाशिकला असताना मी ४,२०० रुपयांचे चांगले सॉफ्टशेल घेतले होते. दोन हिवाळे मनसोक्त वापरले. बदलीनंतर ते इथे आणले आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवले. दीड वर्षाने गावी जायच्या वेळी काढले, तर आतला थर सुटून पापुद्रे निघत होते. कापड धड, चेन धड, पण जॅकेट गेले.

कारण साधे आहे. आतल्या पडद्याचे रसायन अनेकदा पॉलियुरेथेन असते. उष्ण आणि दमट हवेत ते हळूहळू विघटित होते, न वापरताही. पिशवीत ओल कोंडली की आणखी लवकर. दोष दुकानदाराचा नव्हता, माझा होता. म्हणून किनारपट्टीवर किंवा दमट भागात राहणाऱ्यांनी जॅकेट हँगरला मोकळे टांगावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी सावलीत वारा द्यावा. धुताना चेन लावून उलटे करावे. थंड पाणी आणि सौम्य द्रवरूप साबण वापरावा. कपडे मऊ करणारे द्रव्य आणि गरम इस्त्री टाळावी. पाणी मुरू लागले की लेपाचा फवारा पुन्हा मारता येतो. एवढी काळजी घेणे जमणार नसेल, तर महागडे जॅकेट घेण्यात अर्थ नाही.

पैसे कुठून आणाल?

आता आमच्या खात्याचा विषय.

आधी कर समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर, एका नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याहून जास्त असेल तर १८ टक्के. २,५०० रुपयांचे जॅकेट करासह २,६२५ रुपयांना पडते. २,६०० रुपयांचे पडते ३,०६८ रुपयांना. मूळ किमतीत फरक शंभराचा, खिशाला फरक ४४३ रुपयांचा. या सीमेजवळची वस्तू घेताना बिल नीट वाचा. आणि छापील एमआरपीत सर्व कर धरलेले असतात. त्यावर वेगळा कर कोणी मागितला तर देऊ नका.

मग येतो 'बिनव्याजी हप्ता'. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याजाच्या योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपात लपवले जाते. तेव्हा दोन गोष्टी विचारा : प्रक्रिया शुल्क किती, आणि रोख दिले तर किती सूट? रोखीची सूट हप्त्यावर मिळत नसेल, तर ती गेलेली सूट म्हणजेच व्याज. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकललीत आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागले, तर ४,००० रुपयांवर एका महिन्याचे १४० रुपये होतात.

याउलट आठ महिने आधी ठरवा. महिन्याला ५०० रुपयांची आरडी काढा. सहा टक्के दर धरला तर आठ महिन्यांनी ४,००० रुपये आणि वर सुमारे ९० रुपये व्याज हातात येते. हप्त्यावर घेणारा व्याज भरतो, आधी साठवणारा व्याज मिळवतो. वस्तू तीच. शिवाय आठ महिन्यांत ती खरोखर हवी आहे का, हेही कळते.

पण एका उद्देशाची आरडी दुसऱ्या उद्देशासाठी मोडू नका. मुदतीआधी बंद केल्यास व्याजदर कमी मिळतो. तो तोटा काही रुपयांचा असेल, पण फीची वेळ येईल तेव्हा मोकळा हात मोठा तोटा करतो.

शेवटचा धोका फसवणुकीचा. आठ हजारांचे जॅकेट चौदाशेला, आजच शेवटचा दिवस, अशा जाहिराती हिवाळ्यात येतात. अनोळखी दुकानाला आगाऊ पैसे पाठवू नका. पैसे परत घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. माल सदोष निघाला आणि दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

त्या आरडीचे काय झाले?

दुसऱ्या दिवशी बाई मुलाला घेऊन आल्या. मुलगा आधी रुसलेला होता. मी त्याला उपदेश केला नाही, कागद त्याच्या हातात दिला आणि म्हटले, "दिवस तूच मोज." त्याने मोजले. मग त्यानेच विचारले की बर्फातले कपडे तिथे भाड्याने मिळतात का. मिळतात. मनालीजवळ बर्फात जाणारे बहुतेक पर्यटक तेच करतात. जाड स्वेटर त्याच्या मामाकडे होता, कानटोपी आणि हातमोजे त्याने विकत घेतले.

सहलीहून परतल्यावर तो आईच्या आरडीचा हप्ता भरायला आला. तो दहावा हप्ता होता. पासबुकात नोंद करून दिली, तेव्हा त्याने ती दोनदा वाचली.

तुम्हीही पुढच्या मोठ्या खरेदीआधी एक कागद घ्या. वर वस्तूचे नाव लिहा, खाली वापराचे दिवस, त्याखाली किंमत. भागाकार करा. उत्तर पटले तर निर्धास्त घ्या, चांगले घ्या आणि जपून वापरा. पटले नाही, तर तो कागद घेऊन जवळच्या शाखेत या. आपण मिळून हिशेब करू.