अणूंची रांग

उलव्याच्या किनाऱ्यावरून वायव्येस पाहिले असता खाडीपलीकडे ट्रॉम्ब्याची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टी म्हटली की वीज आठवते. अप्सरेचे काम मात्र संशोधनाचे होते. तिच्यातून निघणारे न्यूट्रॉन धातूंवर सोडून डॉ. पी. के. अय्यंगार व त्यांचे सहकारी घन पदार्थांचे अंतरंग पाहू लागले.

अंतरंगात पाहण्यासारखे असते तरी काय? लोह व ॲल्युमिनियम यांचा एक मिश्रधातू घेऊ. त्यातील शंभर अणूंपैकी साठ लोहाचे व चाळीस ॲल्युमिनियमचे आहेत. तो सावकाश निवू दिला, तर अणू शिस्तीने बसतात. एक इवलासा घन कल्पावा: त्याच्या मध्यभागी लोहाचा अणू आणि आठही कोपऱ्यांवर बहुतेक ॲल्युमिनियमचे अणू. लोहाचे अणू असे एकमेकांपासून दुरावतात. एवढे लोह असूनही हा तुकडा लोहचुंबकाला चिकटत नाही!

आता तोच तुकडा पोलादी गोळ्यांच्या चक्कीत पुष्कळ वेळ कुटला, तर अणूंची शिस्त मोडते. प्रार्थना संपून मधली सुट्टी झाली, की मैदानावर मुलांच्या रांगांचे जे होते, तेच येथे घडते. लोहाशेजारी लोह येते, त्यांच्या चुंबकशक्ती एका दिशेस वळतात आणि भुकटी लोहचुंबकाकडे धावते. अणूंची चौकटही किंचित फुगते. एकही अणू वाढलेला वा घटलेला नसतो. वजनकाट्याला या बदलाचा पत्ताच लागणार नाही.

म्हणून अव्यवस्था आली की चुंबकत्व आले, असे मात्र नव्हे. तीन भाग निकेल व एक भाग मँगनीज यांच्या मिश्रधातूत नेमके उलटे घडते. तेथे मँगनीजचे अणू शेजारी आले, की परस्परांविरुद्ध वळतात. शिस्तीने दूर बसविले, तरच तो जोरकस चुंबकीय होतो.

हे सारे न्यूट्रॉन उघड करतात. न्यूट्रॉनाला विद्युत्भार नसल्याने तो धातूत खोलवर शिरतो. शिवाय तो स्वतः एक सूक्ष्म चुंबक असल्याने अणूंच्या जागांबरोबर त्यांच्या चुंबकशक्तीची दिशाही सांगतो. ट्रॉम्ब्यास ८ ऑगस्ट १९८५ रोजी सुरू झालेल्या 'ध्रुव' अणुभट्टीमुळे या अभ्यासाला अधिक प्रखर झोत मिळाला.

लोह-ॲल्युमिनियमची ती कुटलेली भुकटी सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हळूहळू निवविली, की अणू पुन्हा आपापल्या जागी परततात आणि लोहचुंबक तिला ओढेनासा होतो.