रजोनिवृत्तीचा काळ : पचन आणि ज्ञानतंतू

ऋतुस्राव सुरू होणे जसे स्वाभाविक, तसेच यथाकाल तो थांबणेही स्वाभाविक होय. परंतु या दुसऱ्या घटनेविषयी सर्वसामान्य वाचकास जी माहिती असते ती बहुधा गर्भाशयापुरतीच मर्यादित असते. पाळी अनियमित होते, अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते, घाम फुटतो, झोप उडते, एवढे अनेकांस ठाऊक असते. त्याच वर्षांत कित्येक स्त्रियांचे पोट फुगते, शौचास साफ होत नाही किंवा वारंवार जावे लागते, छातीत जळजळते, पूर्वी सहज पचणारे अन्न जड वाटू लागते. घरात या तक्रारींचे निदान दोन शब्दांत होते : ‘वात झाला’ किंवा ‘वय झाले’. या उत्तरांनी कारण तर कळत नाहीच, उलट एखादा गंभीर रोग त्यांच्या आड दडून राहण्याचा संभव असतो. म्हणून पोट, ज्ञानतंतू आणि संप्रेरके यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे क्रमाने समजून घेणे उपयुक्त ठरेल.

रजोनिवृत्ती म्हणजे काय

1821 साली गार्दान या फ्रेंच वैद्याने या अवस्थेला ‘मेनोपॉज’ हे नाव दिले. आज वैद्यकात तिची व्याख्या अशी करतात : इतर कोणतेही कारण नसताना सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे शेवटच्या पाळीच्या दिवशी रजोनिवृत्ती झाली असे समजावे. पाश्चात्त्य देशांत हे वय सरासरी 51 च्या सुमारास, तर भारतात त्याहून थोडे लवकर, 46 ते 47 च्या सुमारास असते. त्यापूर्वीची काही वर्षे हा संक्रमणकाळ होय. बहुतेक तक्रारी याच काळात उद्भवतात.

मुलीच्या जन्मसमयी तिच्या दोन्ही बीजांडकोशांत मिळून सुमारे 10 ते 20 लक्ष अपक्व बीजांडे असतात. वयात येईपर्यंत त्यांतील 3 ते 4 लक्षच उरतात. पुढेही हा साठा घटत जातो आणि तो संपत आला की बीजांडकोशाचा अंतःस्राव विस्कळीत होतो. प्रथम बीजांड दर महिन्यास पक्व होत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक कमी पडते. इस्ट्रोजेन मात्र सरळ उतरत जात नाही. कधी ते नेहमीपेक्षा अधिक वाढते, कधी एकदम ओसरते. शरीराला जो त्रास होतो त्यात या चढउताराचाही मोठा वाटा असतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. शस्त्रक्रियेने केवळ गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण बीजांडकोश शाबूत असल्यास संप्रेरके तयार होतच राहतात. दोन्ही बीजांडकोशही काढले तर मात्र जो पालट निसर्ग काही वर्षांत घडवितो तो काही दिवसांत घडतो, आणि त्याचा आघात अधिक तीव्र असतो.

आतड्यांचे स्वतःचे ज्ञानतंतू

मन अस्वस्थ असले की भूक मरते, हा अनुभव सर्वांचाच आहे. त्याचा प्रत्यक्ष पुरावा अमेरिकेतील विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरास मिळाला. 1822 साली बंदुकीच्या गोळीने जखमी झालेला एक तरुण त्याच्याकडे आला. तो वाचला, पण त्याच्या पोटावरील जखम पूर्णपणे बुजली नाही आणि जठरात उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले. त्या छिद्रातून बोमाँटने कित्येक वर्षे पचनाचे निरीक्षण केले व 1833 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रोगी क्रोधाविष्ट झाला म्हणजे जठराच्या अंतस्त्वचेचे स्वरूप बदलते व पचन बिघडते, अशी नोंद त्यात आहे.

पुढे सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसले की, आतडे ही केवळ मेंदूच्या आज्ञा पाळणारी नळी नव्हे. 1857 मध्ये माइसनर या जर्मन शास्त्रज्ञाने आतड्याच्या अस्तराखालील ज्ञानतंतूंचे एक जाळे वर्णिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत आउअरबाख याने स्नायूंच्या दोन थरांमध्ये पसरलेले दुसरे जाळे दाखवून दिले. पहिले जाळे मुख्यत्वे पाचकरसांचे व शोषणाचे, आणि दुसरे आतड्याच्या हालचालीचे नियमन करते. 1899 साली लंडन येथे बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आतड्यात एखाद्या जागी घास पोहोचला की त्याच्या मागचा भाग आकुंचन पावतो व पुढचा भाग सैल पडतो. बाहेरून येणारे सर्व ज्ञानतंतू तोडून टाकले तरीही ही क्रिया चालूच राहते, असे त्यांना आढळून आले. 1921 मध्ये लँग्ली या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने या जाळ्यांना आंत्रमज्जासंस्था असे स्वतंत्र स्थान दिले.

या संस्थेत 10 कोटींहून अधिक ज्ञानपेशी आहेत असा अंदाज आहे. अर्थात ती मेंदूपासून विभक्त नाही. व्हेगस नावाची मज्जा दोहोंना जोडते आणि तिच्यातील बहुसंख्य तंतू पोटाकडून मेंदूकडे वार्ता नेणारे असतात. म्हणजे मेंदू पोटाला जितके सांगतो त्याहून अधिक पोट मेंदूला कळवीत असते. या दळणवळणात सिरोटोनिन हे रसायन महत्त्वाचे आहे. मनःस्थितीशी त्याचा संबंध असल्याचे आपण ऐकतो. परंतु शरीरातील सिरोटोनिनचा 90 टक्क्यांहून अधिक भाग आतड्यांच्या अस्तरातील पेशींत तयार होतो. अन्न पुढे ढकलणे, रस स्रवणे, मळमळ जाणवणे, या सर्वांत त्याचा हात असतो.

संप्रेरकांचा शोधच पोटातून

बेलिस व स्टार्लिंग यांनी 1902 मध्ये दुसरा मोलाचा शोध लावला. ज्ञानतंतूंपासून तोडलेल्या आतड्याच्या तुकड्यात अम्ल घातले तरी स्वादुपिंडातून रस वाहू लागला. निरोप ज्ञानतंतूंनी नेलेला नव्हता. तो रक्तातून गेला होता. हा निरोप नेणाऱ्या द्रव्यास त्यांनी सिक्रेटीन म्हटले. 1905 मध्ये स्टार्लिंगने अशा सर्व द्रव्यांसाठी ‘हॉर्मोन’ ही संज्ञा वापरली. आपण ज्याला संप्रेरक म्हणतो ते हेच. त्याचा एक आद्य दाखला पचनेंद्रियांतच सापडला, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

बीजांडकोशातील संप्रेरकांची ओळख पुढे 1923 ते 1934 या काळात पटली. ती गर्भाशयासाठीच असतात असा समज दीर्घकाळ टिकला. परंतु संप्रेरक रक्तातून सर्वत्र जाते, आणि ज्या पेशीत त्याचा ग्राही रेणू असेल ती पेशी त्याला प्रतिसाद देते. इस्ट्रोजेनच्या ग्राही रेणूचा एक दुसरा प्रकार 1996 मध्ये सापडला. मोठ्या आतड्याच्या अस्तरात व आतड्यातील ज्ञानपेशींत तो आढळतो. तेव्हा बीजांडकोशाचा स्राव बदलला की आतड्यासही त्याची वार्ता लागणार, हे उघड आहे.

याची साक्ष अनेक स्त्रियांच्या अनुभवात आहे. गर्भारपणी प्रोजेस्टेरॉन वाढते, ते स्नायू शिथिल करते, आणि बद्धकोष्ठ व जळजळ सुरू होते. पाळीच्या सुमारास काहींना जुलाब होतात, पोट दुखते. क्षोभी आतड्याचा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसतो आणि तो पाळीच्या दिवसांत बळावतो. माकडांवरील प्रयोगांत इस्ट्रोजेनमुळे मेंदूत सिरोटोनिन घडविणारे विकर वाढलेले आढळले आहे. मात्र रजोनिवृत्तीनंतर प्रत्येकीचे पोट बिघडतेच असा निष्कर्ष निघत नाही. काहींचा त्रास वाढतो, तर पाळीबरोबर येणारा त्रास ज्यांना होता त्यांचा कमीही होतो. शिवाय वाढते वय, कमी झालेली हालचाल, बाळंतपणांनी सैलावलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि नित्याची औषधे यांचाही त्यात भाग असतो. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते, हे पुष्कळदा लक्षात येत नाही.

रात्रीचा घाम आणि दिवसाचे अपचन

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. शरीराचे तापमान राखणे हे त्याचे एक काम. इस्ट्रोजेन ओसरल्यावर तेथील काही ज्ञानपेशी अतिशय उत्तेजित होतात. परिणामी शरीर किंचित तापले तरी ते फार तापल्याचा संकेत सुटतो, त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात आणि घाम फुटतो. या पेशींचे कार्य उलगडल्यामुळेच त्यांच्यावर नेमकी क्रिया करणारे, संप्रेरकाविना काम करणारे एक औषध 2023 मध्ये अमेरिकेत संमत झाले.

रात्री अशा उष्म्याने वारंवार जाग आली की झोप तुटते. अपुरी झोप आणि चिंता यांनी अनुकंपी मज्जासंस्था जागृत राहते. ही संस्था संकटाशी सामना करण्यासाठी आहे. ती पचनाला मागे सारते. जठर मंदावते, मोठे आतडे मात्र कधीकधी अधिक चंचल होते, आणि एरवी न जाणवणारा वायूचा ताणही वेदनेसारखा वाटू लागतो. तक्रार पोटात जाणवते, परंतु तिचे मूळ काही अंशी रात्रीच्या जागरणात असते. ही वेदना काल्पनिक नव्हे. ‘मनाचे खेळ’ म्हणून तिची वासलात लावणे अन्यायाचे आणि अशास्त्रीयही होय.

काय दुर्लक्षू नये

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. संप्रेरकांचे स्पष्टीकरण समजले म्हणून प्रत्येक तक्रार त्यांच्या माथी मारणे धोक्याचे आहे. क्षोभी आतड्याचा विकार पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवणे विरळा असते. पोट सतत किंवा वारंवार फुगणे, दोन घासांतच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, लघवीची वारंवार घाई होणे, ही बीजांडकोशाच्या कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात. याच कारणास्तव ब्रिटनमधील 2011 च्या वैद्यकीय मार्गदर्शनात असे सांगितले आहे की, पन्नास वा अधिक वयाच्या स्त्रीला अशा तक्रारी नव्याने सुरू झाल्यास बीजांडकोशाची तपासणी करावी. हा रोग लवकर ओळखला गेला तर उपचारांस यश येण्याची शक्यता पुष्कळच वाढते.

रक्तक्षयाचेही तसेच. भारतात 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयी आढळल्या. पाळी चालू असताना त्याचे कारण बहुधा ऋतुस्राव व निकृष्ट आहार यांत सापडते. पाळी थांबल्यावर तो मार्ग बंद होतो. मग शरीरातील लोह कोठे जाते? कित्येकदा जठरातून वा आतड्यातून नकळत रक्त जात असते. म्हणून रजोनिवृत्तीनंतरच्या रक्तक्षयावर नुसत्या गोळ्या घेऊन थांबू नये. आतड्यांची तपासणी करून घ्यावी. शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, कारणाविना घटणारे वजन, गिळताना अडथळा, आणि रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गे पुन्हा होणारा रक्तस्राव, यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. अवटुग्रंथीचे कार्य मंदावले तरी बद्धकोष्ठ, थकवा व वजनवाढ होते, आणि साध्या रक्तपरीक्षेने ते ओळखता येते.

उलट दिशेचा दोषही घडतो. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढण्याचे प्रमाण फार मोठे असल्याचे उघडकीस आले, तेव्हा 2019 मध्ये राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्याविषयी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिले. ओटीपोटातील प्रत्येक दुखण्यावर गर्भाशय काढणे हा उपाय नव्हे. त्या दुखण्याचे मूळ आतड्यातही असू शकते.

आहार, व्यायाम आणि उपचार

उपायांचा आरंभ स्वयंपाकघरातून करावा. चोथायुक्त अन्न दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा मिळेल इतके असावे. कोंड्यासह दळलेले पीठ, ज्वारी, बाजरी, डाळी, पालेभाज्या व सालीसह खाता येणारी फळे यांतून तो मिळतो. मात्र तो हळूहळू वाढवावा व त्याबरोबर पाणीही पुरेसे घ्यावे. एकदम वाढविल्यास वायूचा त्रास बळावतो. आतड्यातील जिवाणूंना हा चोथाच अन्न पुरवितो. हे जिवाणू यकृताने टाकून दिलेल्या इस्ट्रोजेनचा काही भाग मोकळा करून पुन्हा रक्तात जाऊ देतात, म्हणजे संप्रेरकांच्या व्यवहारातही त्यांचा भाग आहे.

इस्ट्रोजेन घटले की आतड्यांकडून होणारे कॅल्शियमचे शोषणही उणावते, आणि त्याच काळात हाडांची झीज वेगाने होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 मध्ये रजोनिवृत्त स्त्रियांसाठी दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. दूध, दही व तीळ यांबरोबरच नाचणी हा त्याचा स्वस्त साठा होय. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी दोन-तीन तास आधी उरकावे, आणि रोज अर्धा तास भरभर चालावे. चालण्याने आतडे, झोप व हाडे या तिघांचेही हित होते.

संप्रेरकांचे औषध हा उष्म्यावरील सर्वांत परिणामकारक उपाय आहे. 2002 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत त्याचे धोके दिसून आल्यावर त्याचा वापर झपाट्याने घटला. पुढील विवेचनातून असे स्पष्ट झाले की, साठीच्या आत व रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत ज्यांना तीव्र त्रास आहे अशा बहुतेक निरोगी स्त्रियांच्या बाबतीत लाभ धोक्यांहून अधिक असतो. परंतु ते पोटाचे औषध नव्हे. तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनने पित्ताशयातील खड्यांचा संभव वाढतो. म्हणून पूर्वी पित्ताशयाचा विकार असल्यास तो डॉक्टरांना सांगावा.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक साधी वही ठेवणे पुष्कळ उपयोगी पडते. पाळीची तारीख, पोटाची तक्रार, झोपेचे तास, जेवण आणि घेतलेली औषधे यांची महिनाभर नोंद करावी. तक्रार पाळीबरोबर येते-जाते, की दिवसेंदिवस वाढतच आहे, हे त्या नोंदीवरून लगेच दिसून येते. संप्रेरकांच्या चढउताराने होणारा त्रास बहुधा येतो आणि ओसरतो. जो ओसरत नाही त्याची तपासणी व्हावी, आणि त्यासाठी घरातील इतरांनी तिला वेळ व सोबत द्यावी.