चौकट : चौकोनाला चौकोन जोडताना

‘ग्रॅनी स्क्वेअर’ या क्रोशाच्या चौकोनाचं नाव आजीचं असलं, तरी त्याचा जुना छापील नमुना सापडतो तो ‘प्रेरी फार्मर’ या शेतीविषयक अमेरिकी नियतकालिकात, १८८५ साली. उरल्यासुरल्या लोकरीचा उपयोग हे त्याचं मूळ आकर्षण.

चार साखळ्यांचं कडं घालायचं. त्यात तीन-तीन खांबांचे चार गट, मध्ये कोपऱ्याच्या साखळ्या. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात दोन गट. म्हणजे दुसऱ्या फेरीत आठ, तिसऱ्या फेरीत बारा. चौकोन आपोआप वाढत जातो. उठाव हवा असेल, तर एकाच घरात पाच खांब अर्धवट ठेवून एकदम ओढून घ्यायचे. टपोरा गोंडा उभा राहतो.

खरी कसोटी धाग्यांच्या शेपट्यांची. दुपट्यासाठी ६ × ६ असे ३६ चौकोन, प्रत्येकात चार रंग धरले, तर २८८ टोकं लपवावी लागतात! ती चौकोन होताच लपवावीत, शेवटी ठेवली तर दुपटं अर्धवटच राहतं. जोडणीला सगळीकडे एकच पांढरा किंवा सायीचा रंग वापरला, की भडक रंगही गुण्यागोविंदाने नांदतात.

चौकोन जोडून किती मोठं काम होतं? चेन्नईच्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने २०१६ मध्ये ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट करून गिनीज विक्रम नोंदवला.

बाळासाठी मऊ, धुता येणारा धागा घ्यावा. मणी, झालर टाळावी. आणि वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना हे पांघरूण अंगावर मोकळं घालू नये.