व्यवसाय-प्रशिक्षण, वंचितांचे

व्यवसाय-प्रशिक्षण, वंचितांचे : दारिद्र्य, अपुरे शालेय शिक्षण, शारीरिक व्यंग, वैधव्य, सामाजिक बहिष्कार, दीर्घ आजार किंवा हंगामी स्थलांतर यांसारख्या कारणांमुळे ज्यांना नियमित शिक्षणसंस्थांचा लाभ मिळत नाही आणि रोजगाराच्या क्षेत्रातही सहसा स्थान मिळत नाही, अशा व्यक्तींना एखादा व्यवसाय शिकवून स्वावलंबी करण्यासाठी योजलेले शिक्षण. असे शिक्षण प्रामुख्याने नफ्याचा हेतू नसलेल्या सेवाभावी संस्था देतात. शासन, बँका व दानशूर व्यक्ती त्यांना अर्थसाहाय्य करतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षणाहून हे भिन्न आहे. तेथे आठवी वा दहावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी गृहीत धरलेला असतो; येथे शाळा सुटलेली, किंबहुना शाळेत कधीच न गेलेली व्यक्तीही पात्र ठरते.

स्वरूप : या शिक्षणाची दोन अंगे असतात. पहिले अंग प्रत्यक्ष व्यवसायकौशल्याचे होय. शिवणकाम, सुतारकाम, विणकाम, गवंडीकाम, मोटारपंप व दुचाकी वाहनांची दुरुस्ती, विजेची जोडणी, शेळीपालन, कुक्कुटपालन, रुग्णपरिचर्या इ. विषय त्यात येतात. दुसऱ्या अंगास जीवनकौशल्यांचे शिक्षण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात अशी दहा कौशल्ये निश्चित केली. निर्णय घेणे, समस्या सोडविणे, सर्जक विचार, चिकित्सक विचार, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध जपणे, स्वतःची ओळख, समानुभूती, भावनांचे नियमन व ताणतणावांना तोंड देणे ही ती होत. व्यवहारात याचा अर्थ पुष्कळ साधा असतो. बँकेत खाते उघडणे, मजुरीचा हिशेब ठेवणे, करारावर अंगठा उठविण्यापूर्वी तो वाचून घेणे, ठरल्या वेळी कामावर हजर राहणे, गिऱ्हाइकाशी व मुकादमाशी न भिता बोलणे, ही त्याची नित्याची उदाहरणे.

या दोहोंच्या जोडीला तिसरी एक बाब निर्णायक ठरते, ती म्हणजे अडसर दूर करण्याची व्यवस्था. वंचित व्यक्ती कौशल्याच्या अभावी मागे राहते, असे सामान्यतः मानले जाते. ते अंशतःच खरे आहे. शिकण्याच्या काळात बुडणारी मजुरी, केंद्रापर्यंतचे अंतर, लहान मुलाला सांभाळणाऱ्याचा अभाव, घरच्यांचा विरोध आणि तयार मालाला गिऱ्हाईक न मिळणे या अडचणी कौशल्याच्या अभावाइतक्याच बलवान असतात. ज्या संस्थांनी त्यांची दखल घेतली त्यांचे कार्य टिकले, असे या क्षेत्राच्या इतिहासावरून दिसून येते.

इतिहास : पाश्चात्त्य देशांत अशा कार्याची सुरुवात चर्चशी संलग्न सेवासंस्थांनी केली. अमेरिकेतील बॉस्टन शहरात एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने १९०२ मध्ये ‘गुडविल’ संस्थेचा पाया घातला. लोकांकडून जुने कपडे व सामान गोळा करावयाचे, बेकारांकडून त्याची दुरुस्ती करवून घ्यावयाची आणि विक्रीच्या उत्पन्नातून त्यांना वेतन द्यावयाचे, अशी ही पद्धत होती. पुढे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९५५ मध्ये अपंगांच्या व्यावसायिक पुनर्वसनाविषयी शिफारस स्वीकारली व १९८३ मध्ये त्याच विषयावर करार केला.

महाराष्ट्रात या कार्याचा आरंभ स्त्रियांच्या, विशेषेकरून विधवांच्या, प्रश्नातून झाला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केले. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो स्त्रिया व मुलींना त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्तिसदनात आश्रय दिला. तेथे शेती, विणकाम, शिवणकाम, मुद्रण इ. कामे शिकविली जात. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. १९०० मध्ये तो पुण्याजवळील हिंगणे येथे हलविण्यात आला. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नांतून १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनाने विधवांना परिचारिकेचे शिक्षण देण्याचा मार्ग खुला केला. या तिन्ही संस्थांत शिक्षणाला निवासाची जोड होती. ज्या घरात विधवेला बाहेर पडण्याचीच मुभा नव्हती, त्या घरात राहून तिला व्यवसाय शिकता येणे शक्य नव्हते. वसतिगृह ही म्हणूनच तेथे केवळ सोय नव्हती, तर शिक्षणाची पूर्वअट होती.

स्वातंत्र्योत्तर काळात कुष्ठरुग्ण व अपंग यांच्याकडे लक्ष वेधले गेले. बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली व चंद्रपूर जिल्ह्यातील वरोड्याजवळ आनंदवन वसविले. तेथे कुष्ठरुग्णांनी विहिरी खोदल्या, पडीक जमीन लागवडीखाली आणली. पुढे हातमाग, सुतारकाम, पत्र्याचे डबे तयार करणे असे उद्योग उभे राहिले. परंतु आरंभी आनंदवनात पिकलेला भाजीपाला व दूध विकत घेण्यास लोक कचरत. १९५४ च्या सुमारास ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक तेथे राहून काम करू लागले आणि त्यानंतर हा संकोच ओसरत गेला. उत्पादनाचे कौशल्य असूनही समाजाच्या भीतीमुळे ते निरुपयोगी ठरू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

अंधांसाठी राष्ट्रीय अंधजन मंडळ (१९५२) व अपंगांना समान संधी मिळावी म्हणून ‘नॅसिओ’ ही संस्था (१९६८) मुंबईत स्थापन झाली. मुंबईतच १९५९ मध्ये सात स्त्रियांनी सुरू केलेल्या श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेने भिजविलेले पीठ घरी नेऊन पापड लाटण्याची पद्धत रूढ केली. संसार व मुले सांभाळून कमाई करण्याची वाट त्यामुळे हजारो अल्पशिक्षित स्त्रियांना मोकळी झाली.

१९६७ मध्ये मुंबईत देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. शहरात येणाऱ्या कामगारांना व त्यांच्या कुटुंबीयांना व्यवसाय, अक्षरज्ञान, आरोग्य, कामगार कायदे व नागरिकत्वाचे शिक्षण एकत्रितपणे द्यावे, ही त्यामागील कल्पना होती. शिक्षणाचा विषय, जागा व वेळ शिकणाऱ्याच्या सोयीने ठरविणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य. पुढे देशभर अशी केंद्रे निघाली. २००० मध्ये त्यांना ‘जन शिक्षण संस्थान’ हे नाव मिळाले व ग्रामीण भागही त्यांच्या कक्षेत आला. २०१८ मध्ये ही केंद्रे केंद्रीय कौशल्यविकास मंत्रालयाकडे सोपविण्यात आली. प्रत्येक केंद्र ही नोंदणीकृत संस्था असून तिला केंद्र शासनाचे अनुदान मिळते.

ग्रामीण भागासाठी आणखी दोन प्रयोग महत्त्वाचे आहेत. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळा सोडलेल्या मुलांना तेथे निवासी अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य आणि शेती व पशुपालन हे चारही विषय प्रत्यक्ष काम करीत शिकविले जातात. खेड्यात एकाच कामावर पोट भरत नाही, म्हणून कारागिराला अनेक कामे आली पाहिजेत, हे त्यामागील सूत्र. दुसरा प्रयोग कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये झाला. धर्मस्थळाचा शिक्षण न्यास, सिंडिकेट बँक व कॅनरा बँक यांनी मिळून तेथे ग्रामीण तरुणांसाठी स्वयंरोजगाराचे विनाशुल्क निवासी प्रशिक्षण सुरू केले. त्याच नमुन्यावर केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने २००९ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था उभारण्याचे धोरण अंगीकारले. या संस्था बँका चालवितात. प्रशिक्षणानंतर दोन वर्षे प्रशिक्षणार्थ्यांशी संपर्क ठेवणे व त्यांना कर्ज मिळवून देण्यास साहाय्य करणे हा त्यांच्या कामाचाच भाग मानला जातो.

कार्यपद्धती : कामाचा आरंभ स्थानिक पाहणीने होतो. परिसरात कोणत्या कामाला मागणी आहे, हे आधी न पाहिल्यास एकाच गावात वीस स्त्रिया शिवणकाम शिकतात आणि कपडे शिवून घेणारी घरे मात्र तेवढीच राहतात. त्यानंतर प्रशिक्षणार्थ्यांची निवड, आरोग्यतपासणी व समुपदेशन होते. प्रशिक्षणाचा बहुतांश वेळ प्रत्यक्ष कामाला दिला जातो. आवश्यक ते अंकगणित व लेखनवाचन त्याच ओघात शिकविले जाते, उदा., कापड बेतताना मोजमाप व भूमिती, बिल लिहिताना बेरीज-वजाबाकी. अखेरीस अवजारे, भांडवल, नोकरी वा बाजारपेठ मिळवून देणे व पाठपुरावा करणे हे टप्पे येतात. शेवटचा टप्पा सर्वांत खर्चिक असतो व अनुदान संपताच तोच प्रथम गळतो.

हिंगोली जिल्हा : मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्याच्या उदाहरणावरून या अडचणींची कल्पना येते. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून तीपैकी सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहत होते. महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानवी विकास अहवालात त्याची गणना अल्प विकासाच्या जिल्ह्यांत करण्यात आली. कळमनुरी व औंढा भागात आंध या आदिवासी जमातीची वस्ती आहे. बंजारा समाजाचे तांडेही जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

मोठे कारखाने थोडे असल्याने नोकरीसाठी तयार करणारे प्रशिक्षण येथील तरुणाला बहुधा जिल्ह्याबाहेर नेते. कोरडवाहू गावांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्ट्यांवर जातात व उन्हाळ्यात परततात. ऊसतोडीत पतिपत्नीची जोडी मिळून ‘कोयता’ मोजला जातो व आगाऊ घेतलेल्या उचलीने तो हंगामभर बांधलेला असतो. अशा कुटुंबातील मुलाची शाळा सुटते आणि हिवाळ्यात भरणारा कोणताही वर्ग त्याच्या उपयोगाचा नसतो. म्हणून येथील प्रशिक्षणाचे वेळापत्रक हंगामाशी जुळविणे आणि उचलीच्या व्यवहाराचा हिशेब समजावून देणे हे जीवनकौशल्यांच्या शिक्षणाचे अगदी प्राथमिक काम ठरते.

स्थानिक साधनसामग्रीवर आधारलेले व्यवसाय येथे अधिक उपयुक्त ठरतात. वसमत व हिंगोली परिसर हळदीच्या पिकासाठी व बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. हळद काढल्यानंतर ती शिजविणे, वाळविणे, झिलई देणे, प्रतवारी करणे व दळणे या प्रत्येक टप्प्यावर तिचे मूल्य वाढते. वसमत येथे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रास २०२२ मध्ये राज्य शासनाने मान्यता दिली. कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथील कृषी विज्ञान केंद्र एक स्वयंसेवी संस्था चालविते. शेतकरी, शेतकरी स्त्रिया व ग्रामीण तरुण यांना शेती व पूरक व्यवसायांचे प्रशिक्षण देणे हे अशा केंद्रांचे नेमून दिलेले कार्य आहे. भूमिहीन मजूर स्त्रीला त्याचा लाभ व्हावा, यासाठी मात्र शेतजमिनीची अट नसलेले शेळीपालन, रोपवाटिका वा मसाला-प्रक्रिया यांसारखे विषय अग्रक्रमाने घ्यावे लागतात.

मूल्यमापन : अशा उपक्रमांचे यश बहुधा प्रशिक्षित व्यक्तींच्या संख्येवरून व वाटलेल्या प्रमाणपत्रांवरून मोजले जाते. हे मोजमाप सोपे असले, तरी अपुरे आहे. वर्ष-दोन वर्षांनंतर ती व्यक्ती त्याच व्यवसायात आहे काय, तिची मिळकत वाढली काय व तो पैसा तिच्या हाती राहतो काय, या प्रश्नांची उत्तरे अधिक बोधक ठरतात. संख्येवर अनुदान अवलंबून असल्यास आणखी एक दोष संभवतो. ज्यांना लवकर काम मिळण्यासारखे आहे, अशांचीच निवड होते आणि सर्वाधिक गरजू व्यक्ती पुन्हा बाहेर राहतात.

कायद्याने काही आधार निर्माण केला आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तीविषयक अधिनियमाने शासकीय सेवेत ३ टक्के जागा राखून ठेवल्या. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या अधिनियमाने हे प्रमाण ४ टक्के केले व दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. तथापि बहुसंख्य वंचितांचा रोजगार असंघटित क्षेत्रात असल्याने राखीव जागांचा लाभ त्यांच्यापैकी थोड्यांनाच होतो. उरलेल्यांच्या बाबतीत निवास, मुलांचा सांभाळ, भांडवल व बाजारपेठ यांची तरतूद प्रशिक्षणाच्या खर्चातच धरली जाते की नाही, यावर त्यांच्या शिक्षणाचे फलित अवलंबून राहते.